मळक्या स्पंजचं विरजण

किंमत १८० रुपये, रंग काळा, उंची वीतभर. एक गोल स्पंज, त्याच्या मधून उभी जाळीदार नळी आणि खाली जड बूड. खोक्यावर चिनी अक्षरं आणि एका माशाचं चित्र आहे. तसला मासा मी अजून एकाही दुकानात पाहिलेला नाही. वस्तू दिसायला म्हणाल तर बाटल्या घासायच्या ब्रशचा थोरला भाऊ. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "हे टाकी धुवायला आणलंयस ना?"

हा स्पंज फिल्टर माझ्या दीड फुटी टाकीत गेले सात महिने चालू आहे. टाकीत आठ मासे आहेत आणि आठही आज सकाळी खायला वर आले होते. याआधी याच टाकीत सहा मासे होते, ते बाराव्या दिवसापर्यंत सगळे संपले. तेव्हा या वस्तूबद्दल चार शब्द लिहायचा हक्क मला पोचतो.

आधी ते सहा. माझी ३४ वर्षं हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, त्यात नातवानं हट्ट धरला, आणि लहानपणी पुण्याच्या संभाजी बागेतल्या मत्स्यालयात काचेला नाक लावून उभं राहिल्याची आठवण होतीच. एका रविवारी आम्ही दोघं एका मोठ्या, चकचकीत दुकानात गेलो. तासाभरात टाकी, आतलं मोटरचं फिल्टर, निळे-गुलाबी खडे, प्लॅस्टिकचं झाड, क्लोरीन घालवायचे थेंब, निळं औषध, खाण्याची डबी, चार गोल्डफिश आणि दोन काळ्या मॉली असं सगळं रिक्षात. बिल २४०० रुपये. "घरी जाऊन पाणी भरा, थेंब टाका, पंधरा मिनिटांनी मासे सोडा," एवढीच सूचना. टाकीत पाणी मावतं साधारण ३५ लिटर. गोल्डफिश वाढून वीतभर होतो आणि घाणही म्हशीसारखी करतो हे त्या तासाभरात कोणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी पाणी दुधट झालं. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मी दुकानात फोन केला, तर म्हणाले, निळं औषध टाका. टाकलं. पाणी दुधट होतं ते आता निळसर दुधट झालं. मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. सगळं पाणी उपसलं, खडे कढत पाण्यातून काढले, फिल्टरचा पांढरा कापूस नळाखाली चोळून चोळून पांढराशुभ्र केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मासे एकेक करून गेले. कढीपत्त्याच्या कुंडीत सहा जणांची सोय केली. कढीपत्ता सध्या जोरात आहे.

बारा दिवसांनंतर घरात असं वातावरण होतं की नातू माझ्याशी नीट बोलत नव्हता आणि हे म्हणत होते, टाकीत मनीप्लँट लाव. पण निदान न करता केस बंद करायची मला सवय नाही. शेवटचा मासा गेला त्या सकाळी मी टाकीतलं पाणी एका निर्जंतुक डबीत भरलं. होय, लघवीच्या नमुन्याची डबी. घरात दोन-चार पडलेल्या असतात. त्यावर तारीख आणि वेळ लिहिली आणि धनकवडीच्या बाजूला एक लहानसं दुकान आहे असं दूधवाल्यानं सांगितलं होतं, तिकडे गेले.

दुकानाला पाटी नाही. शटरच्या आत दहा बाय बाराची खोली, तिन्ही भिंतींना लोखंडी रॅकवर टाक्या आणि प्रत्येक टाकीत हाच तो काळा, बुडबुडणारा ब्रश. चकचकीत मोटर एकही नाही. माणूस तिशीतला. मी डबी पुढे केली. त्यानं आधी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकू, हे..."

"टाकीचं पाणी आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही, हे मला आवडलं. त्यानं काचेच्या नळीत पाच मिली पाणी घेतलं, एका बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ थेंब टाकले, टोपण लावून हलवलं आणि पाच मिनिटं थांबा म्हणाला. त्या पाच मिनिटांत त्यानं मासे कधी सोडले, किती सोडले, सोसायटीत पाणी कुठलं येतं, असं सगळं विचारून घेतलं. शेवटी विचारलं, "फिल्टर कधी धुतला होता?"

"रोज," मी अभिमानानं सांगितलं.

"रोज. नळाखाली?"

"साबण नाही हं लावला."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे काकू, मासे नुसते मेले नाहीत. तुम्ही मेहनत करून मारलेत."

तोवर नळी हिरवी झाली होती. अमोनिया नसेल तर ती पिवळी राहते. माझी गर्द हिरवी होती, कार्डावर चारच्या घराशी जुळणारी, म्हणजे लिटरला ४ मिलिग्रॅम. आणि त्या हिरव्या रंगाकडे पाहताना मला घाम फुटला, कारण तो रंग माझ्या ओळखीचा होता. ब्लड युरिया काढायची बर्थेलॉट पद्धत आम्ही वर्षानुवर्षं वापरली. युरियापासून अमोनिया तयार करायचा, त्यात सॅलिसिलेट आणि हायपोक्लोराइट घालायचं, की असाच हिरवा रंग येतो. जितका गर्द, तितकी किडनी नादुरुस्त. अशा हिरव्या नळ्या मी किती वाचल्या असतील याचा हिशोब नाही. आणि घरात सहा जीव युरेमियाच्या, म्हणजे रक्तात युरिया साचलेल्या, पेशंटसारखे तडफडत असताना मी खडे उकळत बसले होते.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, ३५ लिटरमध्ये जाणार कुठे? टाकीची किडनी म्हणजे जंतू. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट आपण आठवड्याला पाणी बदलून काढून टाकायचं. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा अशी नावं आहेत त्यांची. मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर माझी कधी त्यांच्याशी गाठ पडली नाही, कारण ते असले आळशी की कल्चर प्लेटवर रात्रभरात दिसणारच नाहीत. आमचा इ. कोलाय मनासारखी परिस्थिती मिळाली तर २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला आठ तासांपासून दिवसभर, कधी त्याहूनही जास्त लागतो. म्हणून नवी टाकी मुळापासून तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आणि हे जंतू पाण्यात तरंगत बसत नाहीत, कुठल्यातरी पृष्ठभागाला चिकटून राहतात. माझ्या टाकीत ते थोडेफार धरले असतील ते त्या पांढऱ्या कापसात, ज्याला मी रोज पुणे महानगरपालिकेच्या क्लोरीनच्या पाण्यानं आंघोळ घालत होते. पाणी दुधट करणारे जंतू वेगळेच. ते उरल्यासुरल्या खाण्यावर पोसलेले होते आणि त्यांनी उलट पाण्यातला प्राणवायू खाल्ला.

वर आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात. त्याचा पीएच दुकानदारानं मोजला, ८ आला. अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ ला साधारण अर्धा टक्का असतो आणि ८ ला पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे नळीत रंग तोच, पण माशाला दहापट जाच.

जन्मभर जंतू मारायचा पगार घेतला, आता पाळायचे होते.

मी पर्स उघडून म्हटलं, "मग आता चार मासे द्या, मी नीट सांभाळते." तो म्हणाला, "मासे आज नाही देणार." मला जरा रागच आला. पुण्यात दुकानदारानं गिऱ्हाइकाला परत पाठवणं नवीन नाही, पण ते दुपारी एक ते चार. इथे सकाळचे अकरा वाजले होते. त्यानं हा १८० रुपयांचा स्पंज काढला, हवेचा लहान पंप ३५० रुपयांचा, आणि स्पंज मला दिलाच नाही. स्वतःच्या गप्पींच्या टाकीत सोडला, जुन्या स्पंजच्या शेजारी. "तीन आठवड्यांनी या. तोवर रिकाम्या टाकीत पाणी भरून पंप चालू ठेवा, गळतं का बघा."

तीन आठवड्यांनी गेले. काळा स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता. लॅबमध्ये असलं काही दिसलं असतं तर मी आधी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून मग हात धुतले असते. त्यानं तो टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत बांधला. शिवाय स्वतःचा जुना स्पंज दुसऱ्या एका पिशवीत पिळून दिला, आठवडाभराच्या शिळ्या चहासारखं पाणी, तळाशी गाळ. "हे टाकीत ओता. दोन दिवस गढूळ दिसेल, घाबरू नका आणि धुऊ नका." मी विचारलं, याचे किती? म्हणाला, "विरजणाचे कोणी पैसे घेतं का, काकू?"

त्या दिवशी पाच मासे मिळाले, झेब्रा डॅनिओ. काचेत दिसायला अगदीच किरकोळ, पण हा आपल्याकडचा, गंगेच्या खोऱ्यातला मासा, आणि मोठा काटक. आघारकर संशोधन संस्थेत हृदयाची जखम कशी भरून येते ते याच माशात तपासतात. नातवाला हे सांगितल्यावर त्याची गोल्डफिशची मागणी तात्पुरती मागे पडली. पुढच्या पंधरा दिवसांत मी रोज अमोनिया मोजला. माझा स्वतःचा थेंबांचा किट घेतला, तो मासे, टाकी, पंप सगळ्यांहून महाग पडला, पण त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. नळी रोज पिवळी. महिन्याभरानं तीन नर गप्पी आणले. फक्त नर, कारण माद्या आणल्या की दोन महिन्यांत पोरांचं काय करायचं हा प्रश्न येतो.

आता वस्तूबद्दल. तत्त्व अगदी साधं आहे. पंपाची हवा बारीक नळीतून खाली जाते, मधल्या नळीतून बुडबुडे वर चढतात, ते आपल्याबरोबर पाणी ओढतात, आणि ते पाणी स्पंजमधूनच यावं लागतं. त्यामुळे जंतूंना अन्नही मिळतं आणि प्राणवायूही. आत फिरणारा भाग नाही, बिघडायला काही नाही. गप्पींच्या लांब शेपट्या त्यात अडकत नाहीत. पहिल्या फिल्टरमध्ये मॉलीची शेपूट एकदा अडकली होती.

स्पंज कोरडा असला तर बुडत नाही. पाण्यात धरून दहा-बारा वेळा पिळा, आतली हवा गेली की बसतो. माझा मुळात मुरलेला असल्यामुळे हा त्रास झाला नाही, पण नंतर मैत्रिणीला लावून देताना तिच्या टाकीत तो दोन दिवस बोयासारखा तरंगत होता.

आवाज होतो. बुडबुडण्याचा होतोच, त्याची सवय होते. पंपाची घरघर मात्र रात्री बारानंतर जाणवते. त्याखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवली, निम्मी कमी झाली. तरी हॉलमध्ये झोपणारे पाहुणे सकाळी चेहऱ्यावर काहीतरी घेऊन उठतात.

आणि तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. दुकानदारानं सांगितलं होतं, पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर हा वीस रुपयांचा व्हॉल्व्ह नळीत बसवा. मी म्हटलं, बघू. आमच्याकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार. पाणी बंद, आणि कधीकधी वीजही. एका गुरुवारी वीज गेली, पंप थांबला, आणि टाकीतलं पाणी उलटं नळीतून खाली उतरायला लागलं. पंप होता शोकेसच्या खालच्या कप्प्यात. पाणी पंपात शिरून तिथून ह्यांच्या १९८०पासूनच्या पासबुकांवर. बंद झालेल्या खात्यांची पासबुकं, पण ते तसं म्हणून चालत नाही. ती गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळवली. व्हॉल्व्ह त्याच संध्याकाळी आणला. पंप तीन वॅटचा आहे, तो आता इन्व्हर्टरवर घेतलाय, कारण बुडबुडे बंद म्हणजे स्पंजमधल्या मंडळींचाही श्वास बंद. बारा तास तसं गेलं तर काय होईल ते मला बघायचं नाही.

पाणी अगदी स्फटिकासारखं हवं असेल तर हा फिल्टर तुमच्यासाठी नाही. बारीक कण तो नीट धरत नाही. लाइट लावला की धूळ तरंगताना दिसते. माशांना त्याचं काही नाही, पाहुण्यांना असतं.

धुवायची पद्धत ऐका, कारण इथेच सगळं आहे. मी दर रविवारी नऊ-दहा लिटर पाणी काढते. महिन्यातून एकदा, त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, स्पंज तीन-चार वेळा पिळते. बस. नळाखाली नाही, गरम पाणी नाही, पांढरा करायचा प्रयत्न नाही. पाणी त्याच्या आरपार गेलं पाहिजे इतपतच. पहिल्यांदा तो तपकिरी स्पंज तसाच मळका परत टाकीत ठेवताना माझे हात अक्षरशः थबकले होते. नवं पाणी घालण्याआधी त्यातलं क्लोरीन मारते. त्याला दुकानातले थेंब लागतातच असं नाही, लॅबमधलं सोडियम थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचं हायपो तेच काम करतं. पण मोजून टाकायची सवय नसेल तर थेंबच घ्या.

स्पंजची खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत झाली. मी दुपारी पडले होते. नातवाला वाटलं, दिवाळी माशांचीही असते. डबीतलं पाऊण खाणं टाकीत. मी उठून बघते तर पृष्ठभागावर लाल-पिवळी साय. जाळीनं काढलं तेवढं काढलं, तळाचं नळीनं ओढून घेतलं, तरी दुसऱ्या दिवशी नळीत फिकट हिरवी छटा आलीच. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी खूश. पण मासे नीट खाईनात, कल्ले भराभर चालत होते. नायट्राइट मोजायची बाटली नेमकी संपलेली. कपाटात लघवी तपासायच्या पट्ट्यांची जुनी डबी होती, मुदत संपून दोन महिने झालेली. पट्टीवर नायट्राइटचा चौकोन असतोच, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी. म्हटलं, रसायनाला काय कळतंय लघवी कोणाची. बुडवली, झटकली, मिनिटभर थांबले. चौकोन गुलाबी.

म्हणजे पहिल्या फळीनं अमोनिया निस्तरला होता आणि दुसरी फळी मागे पडली होती. नायट्राइट रक्तात गेलं की हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, रक्त चॉकलेटी पडतं, आणि भरपूर बुडबुडे असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून थोडं खडेमीठ विरघळवून घातलं, तीन दिवस निम्मं पाणी बदललं, खाणं पूर्ण बंद. चौथ्या दिवशी पट्टी पांढरी. आठही वाचले. स्पंजला मी हात लावला नाही, फार मोह झाला तरी. पहिल्या टाकीत हेच घडलं असतं तर मी काय केलं असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

थंडीचं एक सांगायचं राहिलं. जानेवारीत आमच्या टाकीचं पाणी सकाळी १९ अंशांवर होतं. डॅनिओंना ढिम्म फरक नाही, गप्पी कोपऱ्यात गोळा होऊन बसले. ५० वॅटचा हीटर घेतला. हे स्पंजच्या किमतीत धरू नका, पण गप्पी पाळायचे तर खर्चात धरा.

मळक्या विरजणाचा एक धोकाही आहे, तो त्या दुकानदार मुलानं आधीच सांगितला होता. दुसऱ्याच्या टाकीतला मळ म्हणजे दुसऱ्याच्या टाकीतले रोगही. त्यामुळे जिथे मेलेले किंवा अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आलेले मासे दिसतात तिथून फुकट मिळाला तरी घेऊ नका. माझ्याकडे रोग आला नाही, गोगलगायी आल्या. दोन होत्या, आता मोजत नाही.

दहापैकी गुण द्यायचे तर साडेआठ. अर्धा आवाजाचा कापला, एक रूपाचा. दुकानाला दहा दिले असते, पण रविवारी दुपारी ते बंद असतं आणि सुट्टे पैसे कधी नसतात. पत्ता इथे देत नाही. त्याच्या एका गप्पींच्या टाकीत आधीच चार गिऱ्हाइकांचे स्पंज मुरत पडलेले असतात, प्रत्येकाला दोऱ्यानं नावाची चिठ्ठी बांधलेली.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या मुलीला वाढदिवसाला टाकी मिळालीय, मासे अजून यायचेत. मी आता माझ्या टाकीत आणखी एक स्पंज मुरत ठेवते हे त्यांना कळलं होतं. दारातूनच म्हणाल्या, "ताई, ते तुमचं ते, मळ... थोडं मिळेल का?" आणि पदराआडून झाकणाचा स्टीलचा डबा पुढे केला. मी डबा घेतला, आणि तो कोणत्या साबणानं घासलाय ते आधी विचारलं.